एक माशी, दोन नावे

मधमाश्यांच्या पोळ्यात एक राणी, हजारो कामकरी माश्या आणि काही नर असतात, हे आपले विद्यार्थी प्राथमिक शाळेपासून ऐकत आलेले असतात. पाठ्यपुस्तकातले चित्रही ठरलेले असते: मध्ये लांब पोटाची राणी, एका बाजूला कामकरी, दुसऱ्या बाजूला मोठ्या डोळ्यांचा नर. या चित्रामुळे नकळत अशी समजूत होते की फुलांवरची माशी म्हटली की पोळे असायचे आणि पोळे म्हटले की राणी असायची. वस्तुस्थिती बरीच वेगळी आहे. परागकण व मकरंद यांवर पिल्ले वाढवणाऱ्या माश्यांच्या वीस हजारांच्या आसपास जाती आज ज्ञात आहेत. त्यांतल्या बहुसंख्य जातींत प्रत्येक मादी एकटीच घर बांधते, एकटीच अन्न साठवते आणि बहुधा आपली पिल्ले मोठी झालेली पाहण्याआधीच मरून जाते. तिच्या हाताखाली कोणी नसल्यामुळे तिला राणी म्हणण्यात अर्थ नसतो.

या दोन टोकांच्या मधली बरीचशी जागा एका कुलाने व्यापली आहे. त्याचे नाव हॅलिक्टिडी. त्यात सुमारे साडेचार हजार जाती आहेत. यांतल्या काही माश्या अंगावरचा घाम चाटायला येतात, घामातले क्षार त्यांना हवे असतात. म्हणून इंग्रजीत या सगळ्या कुलालाच घामाच्या माश्या असे नाव पडले. आपण त्यांना घाममाश्या म्हणू. बहुतेक घाममाश्या लहान, काळपट किंवा हिरवट चकाकीच्या असतात आणि जमिनीत बीळ खणून राहतात. ज्यांनी भिंगाखाली त्या ओळखण्याचा प्रयत्न केला आहे त्यांना हे काम किती चिकाटीचे आहे ते ठाऊक असेल. येथे सांगायची आहे ती यांच्यातल्या एका युरोपीय जातीची कथा. ही माशी दुर्मिळ नव्हती. दक्षिण व मध्य युरोपात ती पायवाटांवर हजारोंनी बिळे करते. तरीही तिला नाव मिळाल्यापासून तिची खरी ओळख पटेपर्यंत सव्वाशे वर्षे गेली.

विल्यम कर्बी हा इंग्लंडमधील सफोक परगण्यातल्या बारहॅम या खेड्याचा धर्मोपदेशक. प्रवचनांतून उरलेला वेळ त्याने कीटकांना दिला. १८०२ साली त्याने इंग्लंडमधील माश्यांवर दोन खंडांचा ग्रंथ छापला. त्यात वर्णन केलेल्या पुष्कळशा माश्या त्याने आपल्याच गावच्या परिसरात पकडल्या होत्या. तोखड जिभेच्या सर्व माश्यांना त्याने मेलिटा या एकाच प्रजातीत घातले होते (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट), आणि त्यांतल्या एका छोट्या काळसर माशीला मेलिटा मॅलॅक्युरा असे नाव दिले. ग्रीक शब्दांवरून त्याचा अर्थ होतो मऊ शेपटीची. पुढे प्रजातीचे नाव बदलत गेले. आज तिला लॅसिओग्लोसम मॅलॅक्युरम म्हणतात. ही प्रजाती माश्यांमधली सर्वांत मोठी असून तीत अठराशेच्या आसपास जाती आहेत.

१८४८ साली फ्रेडरिक स्मिथ या दुसऱ्या इंग्रज अभ्यासकाने अशाच एका माशीचे वर्णन प्रसिद्ध केले. हा पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये काम करू लागला आणि माश्या-गांधीलमाश्यांचा त्या काळातला मोठा जाणकार ठरला. त्याची माशी कर्बीच्या माशीपेक्षा लहान व सडपातळ होती. तिचे नाव त्याने हॅलिक्टस लाँग्युलस, म्हणजे जराशी लांबोळी, असे ठेवले. टाचणीला टोचलेल्या दोन्ही माश्या शेजारी ठेवल्या तर कोणीही त्या वेगळ्याच म्हणेल.

स्मिथने निष्काळजीपणा केला असे म्हणता येत नाही. त्या काळी जाती ओळखायच्या त्या शरीराच्या बांध्यावरून, आणि ती पद्धत आजही टाकाऊ झालेली नाही. घाममाशी ओळखताना आपणही तेच करतो. पुढच्या पंखात बुंध्याजवळची एक शीर ठळकपणे कमानीसारखी वाकलेली दिसली की कूल कळते. मादीच्या पोटाच्या टोकाशी, पाचव्या खंडाच्या पाठीवर, केसांमधून गेलेली एक अरुंद खाच दिसली की ती हॅलिक्टस किंवा लॅसिओग्लोसम आहे हे कळते. जर्मन लोक या माश्यांना खाचमाश्याच म्हणतात. मग पोटावरचे पांढरट केसांचे पट्टे पाहायचे. ते प्रत्येक खंडाच्या मागच्या कडेला असले तर हॅलिक्टस, खंडाच्या बुडाशी असले तर लॅसिओग्लोसम. येथपर्यंत वाट सोपी आहे. जातीपर्यंत पोचायचे तर अंगावरचे बारीक खळगे, त्यांच्यामधील अंतर, पृष्ठभागाची चकाकी, डोक्याची लांबी-रुंदी असे सगळे तपासावे लागते. आणि डोक्याच्या लांबी-रुंदीला महत्त्व दिले की आकाराने सातत्याने वेगळ्या असणाऱ्या दोन माद्या दोन जातींत पडणार हे ओघानेच आले.

मधमाशीची राणी आणि कामकरी यांना कोणी दोन जाती म्हटले नाही, कारण दोघी एकाच पोळ्यात दिसतात. जमिनीतल्या माश्यांच्या बाबतीत प्रत्येक मादी एकटी राहते असे सर्वांनी गृहीत धरले होते. शिवाय त्या काळचे संग्राहक टाचणीखालच्या चिठ्ठीवर दिनांक लिहीतच असत असे नाही. दिनांक असते तर एक विलक्षण गोष्ट कोणाच्या तरी ध्यानात आली असती. मोठी मॅलॅक्युरा वसंतात फुलांवर दिसते आणि उन्हाळ्याच्या मध्याला तिथून नाहीशी होते. लाँग्युलस वसंतात कुठेच नसते, ती उगवते उन्हाळ्यात.

या गाठीचे एक टोक फ्रान्समध्ये झां-आन्री फाब्र याच्या हाती आले होते. फाब्र (१८२३-१९१५) हा मूळचा शाळामास्तर. १८७९ साली त्याने दक्षिण फ्रान्समधील सेरिन्यां गावी एक पडीक, दगडधोंड्यांची जमीन घेतली आणि उरलेले आयुष्य तिथल्या कीटकांकडे पाहण्यात घालवले. त्याच्या दहा खंडांच्या कीटक-आठवणींपैकी आठव्या खंडात (१९०३) घाममाश्यांवरची प्रकरणे आहेत. त्याने मुख्यतः पाहिली ती एक मोठी, पट्टेवाली जाती. तिला आज हॅलिक्टस स्कॅबिओसी म्हणतात. म्हणजे ती आपल्या गोष्टीतली माशी नव्हे, पण तिचे वर्षाचे चक्र पुष्कळसे तसेच असते.

फाब्रने पाहिले ते असे. वसंतात प्रत्येक मादी एकटीने बीळ खणते, मातीच्या कोठड्या करते, प्रत्येक कोठडीत परागकणांचा गोळा ठेवून त्यावर एक अंडे घालते. एक परोपजीवी चिलट तिच्या दाराशी टपून बसते आणि ती बाहेर गेली की आत शिरून आपली अंडी त्या शिध्यावर घालते. जुलैत नवी पिढी बाहेर पडते. या मुली दुसरीकडे जात नाहीत. आईच्याच घरात, एकाच दारातून सगळ्या ये-जा करू लागतात. आणि आता दाराला झडप असते! फुलांवरून परागकण घेऊन एखादी माशी आली की झडप आत सरकते, माशी आत जाते, झडप पुन्हा वर येऊन दार बंद होते. फाब्रने निरखून पाहिले तेव्हा ही झडप म्हणजे एका माशीचे डोके निघाले. तिच्या अंगावरचे केस झडलेले, रंग उडालेला, पंख फाटलेले. मुंगी आली की ती तिला हुसकते, पाने कापणारी परकी माशी घर शोधत आली तर तिलाही. चिलट मात्र या दिवसांत कुठे दिसत नाही.

ही म्हातारी कोण? फाब्रने बरोबर ओळखले की ती या सर्व माश्यांची आई आहे, जिने वसंतात हे घर खणले तीच. पण पुढे तो घसरला. त्याच्या मते तिचे प्रसवण्याचे वय संपले होते आणि उरलेल्या दिवसांत ती लेकींच्या घरी द्वारपाळ म्हणून राहिली होती. आपल्याकडे सुनेच्या हाती किल्ल्या देऊन ओसरीवर बसलेल्या आजीबाईसारखे हे चित्र आहे, आणि फाब्रने ते इतक्या जिव्हाळ्याने रंगवले आहे की वाचताना शंका घ्यावीशी वाटत नाही.

घसरण छोटी दिसते, पण तिच्यामुळे त्याला दुसरे एक कोडे पडले. वसंतातल्या कोठड्या उकरून त्याने शेकडो कोष तपासले. एखाददुसरा अपवाद सोडता त्यांत नर नव्हते. तरीही उन्हाळ्यात घातलेल्या अंड्यांतून नर व माद्या दोन्ही निघतात. मुली अंडी घालतात असे मानले आणि मुलींना भेटायला नरच नाहीत, तर मग ही अंडी बापाविनाच वाढली असली पाहिजेत. फाब्रने निष्कर्ष काढला की घाममाश्यांची एक पिढी नर-मादीच्या मीलनातून होते व दुसरी अनिषेकजननाने, म्हणजे बीज फलित न होता. हा तर्क त्या काळी अचाट वाटण्यासारखा नव्हता. पिकांवरच्या माव्यात नराविना प्रजा होते हे शार्ल बॉने याने १७४० च्या सुमारास दाखवले होते. अडचण वेगळीच होती. पोलंड-जर्मनीच्या सीमेवरील सायलेशियातील योहान झिएर्झोन या धर्मगुरूने १८४५ साली मधमाशीविषयी सांगितले होते की फलित न झालेल्या अंड्यांतून नरच होतात, माद्या होत नाहीत. मधमाश्या, गांधीलमाश्या, मुंग्या यांना हा नियम सर्वसाधारणपणे लागू पडतो. मग घाममाशीनेच काय ते बंड करावे?

उत्तर दाराशीच बसलेले होते. म्हातारीला वांझ न मानता तिच्याकडेच अंडी घालण्याचे काम दिले की सगळे जुळते. तिचे मीलन आदल्या शरदात झालेले असते. नराकडून मिळालेले शुक्रजंतू ती पोटातल्या एका पिशवीत महिनोन्‌महिने जिवंत ठेवते. अंड्याला शुक्रजंतू दिला की मादी, न दिला की नर. वसंतात तिने माद्या काढल्या, उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दोन्ही काढले. बापाविना माद्या कोणीच जन्माला घातल्या नव्हत्या. उत्तम डोळ्यांच्या निरीक्षकाने राणी पाहिली होती, तिची दिनचर्या लिहून ठेवली होती आणि तिला पहारेकरीण समजून सोडून दिले होते.

मॅलॅक्युरमच्या बाबतीत हा उलगडा जर्मन अभ्यासकांनी केला. श्टॉकहर्टने १९२३ साली घाममाश्यांच्या जीवनक्रमावर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला आणि वसंतातली मॅलॅक्युरा व उन्हाळ्यातली लाँग्युलस ही एकाच जातीची दोन रूपे असल्याचे स्पष्ट झाले. कर्बीने नाव दिले होते राणीला, स्मिथने नाव दिले होते तिच्याच कामकरी मुलीला. १९२५ साली लेगेवी याने व १९३१ साली नोल याने याच माशीच्या वसाहतींचा अभ्यास पुढे नेला. नामकरणाच्या नियमाप्रमाणे जुने नाव टिकले, लाँग्युलस हे समानार्थी नावांच्या यादीत गेले. हे काम संग्रहालयात बसून होण्यासारखे नव्हते. एकाच घरट्यावर मार्च-एप्रिलपासून शरदापर्यंत नजर ठेवावी लागली, बिळे खणून कोठड्या मोजाव्या लागल्या, माश्या चिरून कोणाच्या पोटात पिकलेली अंडी आहेत ते पाहावे लागले.

आज आपल्याला या माशीचे वर्ष बऱ्यापैकी ठाऊक आहे. राणी आठ ते दहा मिलिमीटर लांब, कामकरी त्याहून थोडी लहान. हिवाळा जमिनीखाली काढून राणी वसंतात वर येते आणि तुडवलेल्या, टणक, उन्हाच्या जमिनीत बीळ खणते. अशी बिळे एकमेकांना खेटून शेकड्यांनी असतात. शेजार असला तरी सलोखा नसतो. या दिवसांत राण्यांमध्ये घरांवरून मारामाऱ्या होतात, आयते बीळ बळकावले जाते आणि मूळ मालकीण हाकलली जाते. कोठडीला आतून राणी आपल्या पोटातल्या एका ग्रंथीच्या स्रावाचा पातळ लेप देते. तो ओल आत येऊ देत नाही. पहिली काही अंडी घालून झाली की ती दार बुजवून आत बसते आणि लेकी मोठ्या होण्याची वाट पाहते. याच सुमारास ती फुलांवरून नाहीशी होते, आणि त्यानंतर ती परागकण आणायला सहसा पुन्हा कधी बाहेर पडत नाही. लेकी निघाल्या की दार उघडते. आता फुलांवर दिसते ती स्मिथची लाँग्युलस. पहाऱ्यालाही बहुधा या कामकरीच बसतात. तेव्हा दाराशी डोके दिसले म्हणजे ती राणीच, अशी उलटी चूक मात्र करू नये. स्फेकोडिस नावाची, लाल पोटाची, स्वतः कधी परागकण न गोळा करणारी माशी घर लुटायला येते, तिच्याशीही या पहारेकरणींना सामना करावा लागतो.

कामकरी माश्यांच्या किती पिढ्या निघायच्या हे हवामानावर असते. इंग्लंडच्या दक्षिणेला एक, ग्रीसच्या लांब उन्हाळ्यात तीनपर्यंत. शेवटची पिढी नरांची आणि भावी राण्यांची. मीलन झाले की नर मरतात, म्हातारी राणीही संपते, आणि नव्या राण्या जमिनीत खोल जाऊन पुढच्या वसंताची वाट पाहतात. कामकरी माशी बांधली गेली आहे ती जन्मजात वेगळ्या बीजामुळे नव्हे. राणी होणाऱ्या अळीच्या वाट्याला मोठा परागगोळा येतो, हे यातले एक मोठे कारण. पहिल्या खेपेला एकट्या आईने आणलेला शिधा तुटपुंजाच असणार.

हे एकदा कळल्यावर घाममाश्यांच्या घरांकडे पाहण्याची रीत बदलली. फ्रान्समध्ये सेसिल प्लातो-केनू यांनी १९५९ साली लॅसिओग्लोसम मार्जिनॅटम या जातीची वसाहत पाच-सहा वर्षे टिकते असे दाखवले. एवढ्या वर्षांत राणी तीच असते. तिच्यातल्या राणी आणि कामकरी यांच्यात आकाराचा फरक दिसत नाही, त्यामुळे तिथे टाचणीवरच्या माशीवरून काहीच कळले नसते.

यानंतरचा एक दुवा आपल्या देशातला आहे. अमेरिकेतील सुझान बात्रा यांनी भारतातील घाममाश्यांची घरटी अभ्यासली आणि १९६६ साली 'इंडियन जर्नल ऑफ एंटोमॉलॉजी' या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. घर स्थापन करणारी आई जिवंत राहून आपल्या वयात आलेल्या मुलींबरोबर काम वाटून घेते, अशा राहणीसाठी त्यांनी 'युसोशल' हा शब्द वापरला. मराठीत त्याला खरी समाजशीलता म्हणता येईल. आज मुंग्या, वाळवी, मधमाश्या यांच्यावरचे कोणतेही पुस्तक या शब्दावाचून पुढे जात नाही. त्याचा जन्म मधमाशीच्या पोळ्याजवळ झाला नसून भारतातल्या जमिनीतल्या बिळांजवळ झाला, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

जाती ठरली म्हणजे राहणी ठरली, असेही घाममाश्यांत नसते. जपानमध्ये लॅसिओग्लोसम कॅल्सिॲटम ही जाती सपाटीवर राणी-कामकरी अशी राहते आणि उंच डोंगरावर एकेकटी, असे साकागामी आणि मुनाकाता यांनी १९७२ मध्ये नोंदवले. हॅलिक्टस रुबिकंडस या जातीच्या एकट्या राहणाऱ्या उत्तरेकडील माश्या ब्रिटनच्या दक्षिणेला आणून सोडल्या तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी तिथल्या लांब उन्हाळ्यात कामकरी मुली काढल्या. हा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. आता पेशीतील डीएनएचा ठरावीक तुकडा वाचून राणी व कामकरी एकाच जातीच्या आहेत हे प्रयोगशाळेत सांगता येते. पण त्या एकमेकींच्या कोण लागतात, घरात अंडी कोण घालते आणि शिधा कोण आणते, हे कळायला घरट्यापाशीच बसावे लागते.

बिंगहॅम याने १८९७ साली भारतातील माश्या व गांधीलमाश्यांवर जो ग्रंथ लिहिला त्यातही घाममाश्यांच्या कितीतरी जातींचे वर्णन प्रामुख्याने टाचणीवरच्या नमुन्यांवरून आहे. आपल्याकडच्या पुष्कळ जातींची वर्षभराची दिनचर्या अजून लिहिली जायची आहे. शाळेच्या मैदानाच्या कडेला, पावसाळा सरल्यावर टणक झालेल्या उघड्या जमिनीत काडी जेमतेम जाईल अशी गोल भोके आणि भोवती भुसभुशीत मातीचे छोटे वर्तुळ दिसते का, हे मुलांना पाहायला सांगता येईल. काही भोके मुंग्यांची असतील. पायांवर पिवळे परागकण घेऊन कोणी आत शिरले तर ते माशीचे. भोक उकरू नये. शेजारी खुणेची काडी रोवावी, हातभर अंतरावर सावली न पाडता बसावे, आणि वहीत प्रथम दिनांक व वेळ लिहावी. त्यानंतर दारात काही हलते का, आत जाणारी व बाहेर येणारी माशी एकाच आकाराची आहे का, एका दारातून दोघी-तिघी येतात का, एवढेच टिपायचे. पंधरवड्याने पुन्हा त्याच काडीपाशी.